तांदळाएवढी घरं आणि एकशेवीस रंग

फोंडा तालुक्यातल्या एका भगिनीचं पत्र आहे. वय ५३, एका पतसंस्थेत नोकरी. सासूबाई दोन वर्षं अंथरुणाला खिळून होत्या, त्यांचं सगळं यांनीच केलं. गेल्या मार्चमध्ये त्या गेल्या. तेव्हापासून संध्याकाळचे सात ते नऊ अंगावर येतात, असं त्या लिहितात. बंगळूरला असलेल्या लेकीनं सुचवलं म्हणून त्यांनी मोठ्यांसाठीचं एक रंगभरणाचं पुस्तक ऑनलाइन मागवलं. त्यात बारीक नक्षीची मंडलं, म्हणजे गोलाकार चित्रं, पानाच्या दोन्ही बाजूंना छापलेली. घरातली स्केचपेनं वापरली तर रंग मागच्या पानावर उतरला. मग भाच्याच्या मुलीच्या रंगपेन्सिली घेतल्या. पण नक्षीतली घरं इतकी लहान की चष्मा लावूनही टोक आत बसेना, आणि अंगठ्याचं मूळ दुखायला लागलं. तिसऱ्या पानावर रडू आलं आणि पुस्तक बंद झालं. आता लेक म्हणते, आई, तुझं सामानच बरोबर नाही, मी १२० रंगांची परदेशी पेटी पाठवते. यजमान म्हणतात, हा पोरांचा खेळ, ते पुस्तक भाच्याच्या मुलीला देऊन टाक. त्यांचे प्रश्न असे: पेटी घेऊ का? पुस्तक कुठलं घेऊ? आणि दुसऱ्यानं काढलेल्या रेघांत रंग भरून मी स्वतःला फसवत तर नाही ना? पत्राच्या शेवटी एक ओळ आहे: यंदा घरी वर्ष पाळतात, त्यामुळं चवथीला (गणेशचतुर्थीला) माटोळी, म्हणजे गणपतीच्या वर टांगतात ती फळाफुलांची सजावट, नाही, दर वर्षी ती सासूबाईंच्या सांगण्यावरून बांधली जायची.

ताई,

आधी त्या रडण्याबद्दल बोलू. ते पुस्तकामुळं आलं असं तुम्ही धरून चालला आहात, मला तसं वाटत नाही. दोन वर्षं तुमचे हात रिकामे नव्हते. कूस बदलणं, पेज भरवणं, पाठीला पावडर लावणं, रात्रीची गोळी. सात ते नऊ ही बहुधा त्यांच्या जेवणाची आणि अंथरूण बदलण्याची वेळ असणार. ती वेळ अजून रोज येते, माणूस येत नाही. अशात हात एखाद्या संथ कामात स्थिरावले की आतलं वर येतंच. नारळ खवताना आलं असतं, वाती वळताना आलं असतं. तेव्हा तिसरं पान बिघडलं, आपल्याला हे जमलं नाही, असा हिशेब मांडू नका. पुन्हा रडू आलं तर पेन्सिल खाली ठेवा, घोटभर पाणी प्या, वाटलं तर बसा, नाही तर पान अर्धं ठेवून उठा.

एवढं मात्र जपा. झोप उडाली असेल, जेवण जात नसेल, कशात मन लागत नसेल आणि हे आठवड्यामागून आठवडे चाललं असेल, तर रंगांच्या भरवशावर राहू नका. आपल्या डॉक्टरांना सांगा. १४४१६ हा टेलि-मानसचा सरकारी क्रमांक आहे, तिथंही मोकळेपणी बोलता येतं. रंग भरणं हा विसावा आहे, उपचार नाही, आणि दोन्हींची गरज एकाच माणसाला एकाच वेळी असू शकते.

विसावा खरोखर मिळतो का, हे लोकांनी तपासून पाहिलेलं आहे. नॅन्सी करी आणि टिम कॅसर या अमेरिकी अभ्यासकांचा ८४ विद्यार्थ्यांवरचा प्रयोग २००५ साली प्रसिद्ध झाला. विद्यार्थ्यांना आधी भीती वाटलेला एखादा प्रसंग आठवून लिहायला लावलं आणि मग वीस मिनिटं रंगवायला दिलं. कुणाला मंडल, कुणाला चौकटींची नक्षी, कुणाला कोरा कागद. मंडल आणि चौकटी रंगवणाऱ्यांची बेचैनी उतरली, कोरा कागद मिळालेल्यांची तशी उतरली नाही. पुढं २०१२ मध्ये दुसऱ्यांनी हाच प्रयोग केला, तेव्हा मंडलं चौकटींपेक्षा सरस ठरली. म्हणजे तुमच्या लेकीनं सुचवलं त्यात तथ्य आहे. पण यातल्या दोन गोष्टी मला तुमच्यासाठी मोलाच्या वाटतात. पहिली, वेळ वीसच मिनिटांचा होता. दोन तास बसायला कुणी सांगितलेलं नाही. दुसरी, आपल्या कुणबी लुगड्यावर असतात तशा साध्या आडव्या-उभ्या चौकटींनीसुद्धा पहिल्या वेळी तेच काम केलं. तांदळाच्या दाण्याएवढ्या घरांचंच मंडल हवं, असं कुठंच निघालेलं नाही.

आणि तुमच्या बाकीच्या तक्रारी पाहा. रंग मागं उतरला, टोक आत बसेना, अंगठा दुखला. या तिन्ही तक्रारी सामानाच्या आहेत, आणि मनावर घेतल्यात तुम्ही. मी २६ वर्षं शाळेत चित्रकला शिकवली. ‘बाई, मला जमत नाही’ म्हणणाऱ्या दहा मुलांतल्या सहा-सातांची अडचण कागद नाही तर बोथट पेन्सिल एवढीच असायची. पुस्तक निवडताना आपण आतली चित्रं पाहतो. ज्या डोळ्यांनी, ज्या हातानं आणि दिवसाच्या ज्या घटकेला ते वापरायचं, तिकडं पाहायचं राहून जातं. तुमची निवड तिथं चुकली. ती सुधारायला १२० रंग लागत नाहीत.

लेक म्हणते रंग बदल, मी म्हणते आधी कागद बदला. माझ्या वर्गात एक मुलगा आखातातून आलेली झकास पेटी घेऊन यायचा आणि रंगवायचा मात्र वर्तमानपत्रासारख्या कागदाच्या वहीत. त्याची चित्रं मळकी दिसायची. शेजारची मुलगी साध्या पेन्सिलींनी जाड ड्रॉइंग पेपरवर रंगवायची, तिचे आंबे खरेच पिवळे दिसायचे. कागदाला थोडी खरखर लागते, त्या खरखरीत पेन्सिलीचा रंग अडकतो. गुळगुळीत, चकचकीत कागदावरून पेन्सिल नुसती घसरते. एक-दोन थर बसतात आणि पुढचा रंग लागतच नाही.

कागदाची जाडी जीएसएममध्ये सांगतात, म्हणजे एक चौरस मीटर कागदाचं वजन किती ग्रॅम ते. झेरॉक्सचा कागद साधारण ७० ते ८० जीएसएमचा. नुसत्या पेन्सिलीला १०० ते १२० पुरतो. पाणी लावायचं असेल तर २००च्या खाली उतरू नका. जलरंगाचा चांगला कागद ३००चा असतो. पुस्तकावर आकडा छापलेला नसेल तर पान उजेडासमोर धरा. मागचं चित्र स्पष्ट दिसलं, तर तिथं पेन चालणार नाही, फक्त पेन्सिल. आणि दोन्ही बाजूंना छापलेलं पुस्तक पेन वापरणाऱ्यानं घेऊच नये. तुमच्या बाबतीत झालं ते कुणाच्याही बाबतीत होतं: पुढची बाजू सजते आणि मागचं चित्र वाया जातं, आणि मग पैसे वाया गेल्याची चुटपुट उगाच मनाला लागून राहते.

पुस्तक टेबलावर सपाट उघडतं का, तेही पाहा. गोंदानं चिकटवलेल्या कण्याचं पुस्तक मध्ये फुगून राहतं. एका हातानं ते दाबून धरायचं आणि दुसऱ्यानं रंगवायचं, यात खांदाही दुखतो. स्पायरलचं घ्या, किंवा कडेला टिंबटिंब भोकं पाडून पानं सुटी करता येतात तसलं.

घरांच्या आकाराची परीक्षा मी तांदळानं करते. उकड्याचा नको, साधा बारीक तांदूळ. चित्रातली बहुतेक घरं त्या दाण्यापेक्षा मोठी हवीत. दोन-चार जागी बारीक असली तरी हरकत नाही, ती कोरी सोडली तर चित्र बिघडत नाही. ही परीक्षा रात्री साडेसातला, तुमच्या चष्म्यानं, तुमच्याच दिव्याखाली करायची. ऑनलाइन घेताना मुखपृष्ठावर जाऊ नका. आतल्या पानांचे फोटो मोठे करून पाहा आणि पुस्तकाचं माप सेंटिमीटरमध्ये पाहा. तीच नक्षी २१ सेंटिमीटर रुंदीच्या पानावर सुखाची वाटते आणि पर्सेत मावणाऱ्या छोट्या पुस्तकात डोळ्यांची परीक्षा घेते. दिव्याचंही सांगून ठेवते: उजव्या हातानं लिहीत असाल तर दिवा डावीकडून यावा, म्हणजे हाताची सावली चित्रावर पडत नाही. पिवळ्या दिव्याखाली पिवळा आणि पांढरा वेगळे कळत नाहीत, तेव्हा पांढऱ्या उजेडाचा दिवा बरा.

आता जे पुस्तक घरात पडलं आहे त्याचं काय? ते देऊन टाकू नका, आणि लगेच दुसरं घेऊही नका. त्यातली तुम्हांला आवडलेली दोन मंडलं निवडा आणि झेरॉक्सवाल्याकडं जा. ए-फोर पान १४१ टक्के मोठं केलं की ए-थ्री होतं. स्वतः १२० जीएसएमचा कागद घेऊन जा. मशीन तो घेईल का, ते आधी विचारा. छपाई टोनरची, म्हणजे भुकटीच्या शाईची असावी. घरच्या इंकजेट प्रिंटरची शाई पाण्यानं पसरू शकते, टोनरची पसरत नाही. घरं जवळजवळ दीडपट झाली की टोक आत बसेल. शिवाय एकाच चित्राच्या तीन प्रती काढता येतात. पान बिघडेल ही धास्ती मोठ्या माणसांना फार असते. दुसरी प्रत हाताशी असली की ती निम्मी होते. हे स्वतःपुरतं करावं. पुस्तकाच्या प्रती काढून वाटू नयेत, कुणा चित्रकाराचं पोट त्यावर असतं.

अंगठ्याकडं येते. शाळेच्या पेन्सिलींचा गाभा मुद्दाम कडक ठेवलेला असतो, कारण पोरं दाबतात, पाडतात. कडक गाभ्यातून गडद रंग काढायचा म्हणजे दाबावं लागतं, आणि तो दाब तुमच्या अंगठ्याच्या मुळावर जातो. मोठ्यांसाठीच्या पेन्सिली दोन तऱ्हेच्या. मेणाच्या बांधणीच्या मऊ असतात, रंग पटकन आणि भरघोस देतात, पण टोक लवकर झिजतं, आणि दाट भरलं तर काही दिवसांनी वर पांढुरका थर येतो. तो मऊ कापडानं अलगद पुसला की जातो. तेलाच्या बांधणीच्या थोड्या कडक, टोक टिकवणाऱ्या, त्यांवर तो पांढुरका थर येत नाही. तुमचा हात पाहता मी मऊ, मेणाच्या सुचवीन, आणि चित्रं मोठ्या घरांची. पेन्सिल टोकापासून दोन बोटं मागं धरा. रबराची नळी चढवून ती जाड करून घ्या, बारीक काडी चिमटीत धरण्यापेक्षा जाड काठी धरायला सोपी पडते. आणि पहिल्याच हातात गडद रंग काढायचा हट्ट सोडा. हलक्या हातानं एक थर, त्यावर दुसरा, त्यावर तिसरा. घावन पातळ सोडतो तसं. चांगल्या कागदावर पाच-सहा थर सहज बसतात आणि दाबून भरलेल्या रंगापेक्षा ते जिवंत दिसतात. वीस मिनिटांचा गजर लावा आणि वाजला की उठा, चित्र कितीही रंगात आलेलं असो. पीठ मळताना, बादली उचलतानाही अंगठा दुखत असेल, तर मात्र ते पेन्सिलीचं दुखणं नाही. डॉक्टरांना दाखवा.

टोक करणं हेही रंगवण्यातलंच काम समजा. बोथट टोकानं माणूस नकळत दाबतो. शार्पनरचं पातं गेलेलं असलं की गाभा आतच तुटत राहतो आणि दोष पेन्सिलीवर येतो. पेन्सिल हातातून पडू देऊ नका. बाहेरून धडधाकट दिसली तरी आत तीन तुकडे झालेले असतात.

स्केचपेनांना मी नाही म्हणत नाही. पण त्यांचा रंग पाण्यातला, त्याच जागी दोनदा फिरवलं की कागदाची लव निघते, आणि उन्हात तो उडतो. कडेच्या रेघा, ठिपके यांना ठीक. जेल पेनचं सोनेरी-चंदेरी काम छान दिसतं, मात्र पावसाळ्यात ते वाळायला वेळ लागतो, हात टेकला की पुसटतं. स्पिरिटवर चालणारे दुतोंडी मार्कर सध्या तरी नकोत: ते जाड कागदातूनही मागं उतरतात, रेघेबाहेर पसरतात, आणि दारं-खिडक्या लावलेल्या पावसाळी खोलीत त्यांचा वास डोक्यात जातो.

आता ती १२० रंगांची पेटी. ‘घेऊ की नको’ असं तुम्ही विचारलंत. मला वाटतं, लेकीला तुमच्यासाठी काहीतरी करायचं आहे आणि लांब असल्यामुळं तिला पेटी तेवढी दिसली. नाही म्हटलंत तर तिला लागेल. हो म्हटलंत तर एवढं महाग सामान फुकट घालवायचं नाही या धाकानं ते कपाटात राहील. तुमच्या पत्राच्या सुरावरून मला तीच भीती वाटते. तिला सांगा, पाठव, पण १२ किंवा २४ रंगांची पाठव, आणि उरलेल्या पैशांत चांगल्या कागदाचं मोठ्या चित्रांचं पुस्तक पाठव. नामांकित पेन्सिली लहान पेट्यांतही मिळतात. फाबर-कास्टेलच्या पॉलिक्रोमोसमध्ये १२० रंग आहेत, पण १२, २४, ३६ आणि ६० च्या पेट्याही येतात (त्या तेलाच्या, तेव्हा तुमच्या हाताला पहिली निवड नव्हेत). सुटी पेन्सिलही मिळते, म्हणजे झिजलेला हिरवा तेवढा नवा घेता येतो. तुम्हांला तोवर थांबायचं नसेल तर फोंड्याच्या बाजारात कॅम्लिनची कलाकारांसाठीची पेटी विचारा. दांडेकरांनी १९३१ साली सुरू केलेल्या त्या घराण्याच्या रंगांवर आपल्याकडच्या कितीतरी पिढ्यांचे हात बसले आहेत. मीही त्यांतलीच एक.

आणि रंग कमी पडतील, ही भीती आपल्या गोव्यात बसून कुणी बाळगू नये. मोरजीला मोरजाईच्या देवळात जाऊन भिंती पाहा. कावी काम आहे ते: चुन्याचा पांढरा आणि काव मातीचा लाल, बस. कोरून कोरून त्यात वेली, देव, प्राणी, सगळं उभं केलं आहे. उलट पणजीत मिनेझिस ब्रागांझा संस्थेच्या प्रवेशदालनात शिरलात तर भिंतभर निळ्या-पांढऱ्या फरशांची चित्रं. आभाळ, कपडे, चेहरे, सावल्या, सगळं एका निळ्याच्या फिक्या-गडद छटांत. मी मुलांना दोन्हीकडं घेऊन जायची आणि परत आल्यावर सांगायची, आज एकच पेन्सिल. पहिल्या दहा मिनिटांत कुरकुर चालायची, मग वर्ग गप्प व्हायचा. एकाच विटकरी पेन्सिलीनं मंडल रंगवून पाहा. फिका, मध्यम, गडद आणि कोरा कागद, इतक्या चार छटा मिळतात. रंग निवडण्याचा गोंधळ नाही, आणि दिवसभर पतसंस्थेत आकडे तपासून थकलेल्या डोक्याला संध्याकाळी निवड करायला लावणं हाही ताणच असतो. पुढं १२ घेताना मी अशा घेईन: लिंबाचा आणि हळदीचा असे दोन पिवळे, एक नारिंगीकडं झुकणारा आणि एक जांभळ्याकडं झुकणारा लाल, दोन निळे, एक पानांचा हिरवा, एक जांभळा, विटकरी, गडद तपकिरी, करडा आणि पांढरा. पांढरा फुकटचा वाटतो, पण सगळ्यात शेवटी तो वरून फिरवला की खालचे थर एकमेकांत मिसळतात आणि झिलई येते. काळ्याची गरज पडत नाही. गडद निळ्यावर तपकिरी चढवला की त्यापेक्षा सुरेख अंधार होतो. पेटी आली की आधी एका कोऱ्या कागदावर प्रत्येकीचा चौकोन भरून खाली नाव लिहा. बाहेरून दिसणारा रंग आणि कागदावर उतरणारा रंग क्वचितच एक असतात.

सामान आपल्या पावसात सांभाळावं लागतं. आपल्याकडं वर्षाला तीनेक हजार मिलिमीटर पाऊस, त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरमध्ये. कागद हवेतली ओल पितो, फुगतो, लाटा येतात, ऑगस्टपर्यंत बुरशीचे ठिपके. माझी एक गठ्ठाभर जुनी चित्रं भिंतीलगतच्या लाकडी फळीवर राहून अशीच गेली, ते अजून सलतं. पुस्तक भिंतीपासून दूर, लोखंडी कपाटात, वरच्या कप्प्यात ठेवा. बुटांच्या किंवा औषधांच्या खोक्यात येतात त्या सिलिका जेलच्या पुड्या सोबत टाका. ओलसर पुस्तक प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून ठेवू नका, ओल आतच कोंडते. रंगवताना हाताखाली एक कोरा कागद घ्या, घामानं पान दमट होत नाही आणि रंग पुसटत नाही. मेणाच्या पेन्सिली उन्हातल्या गाडीत विसरू नका.

यजमानांचं म्हणणं मनाला लावून घेऊ नका, पण ते उडवूनही लावू नका. दोन वर्षं त्यांनीही आईला अंथरुणावर पाहिलं आहे. ‘पोरांचा खेळ’ म्हणताना ते बहुधा हेच विचारत असतील की ही संध्याकाळी माझ्याशी न बोलता टेबलाशी का बसते. एकदा त्यांना पेन्सिलींची टोकं करायला द्या. खरंच द्या. वीस मिनिटं एकाच दिव्याखाली दोघं बसलात तरी पुष्कळ आहे. लेकीलाही तीच प्रत पाठवा. आठवड्यातून एकदा व्हिडिओ कॉल लावून दोघी एकच चित्र रंगवा, बोलणं झालं तर झालं.

राहिला तुमचा शेवटचा प्रश्न, दुसऱ्याच्या रेघांचा. तुमच्या आईनं, आजीनं उशांच्या अभ्र्यांवर कशिदा काढला असेल. नक्षी छाप्याची, ट्रेसिंगची. त्यांना कुणी विचारलं नाही की वेल तुझी आहे का. टाके त्यांचे होते, कुठला दोरा कुठं घ्यायचा हे त्यांचं होतं. चित्रशाळेत साच्यातून निघालेले शंभर गणपती एका ओळीत उभे असतात, आणि ज्याच्या डोळ्यांची आखणी ज्या हातानं होते, त्या हाताचा तो होतो. आपण त्यासाठी गणपती घडवायला ठरावीक चित्रशाळेतच पाट देतो की नाही? रेघ तयार मिळाल्यामुळं तुम्हांला काय काढू या धास्तीतून सुटका मिळते, आणि त्या प्रयोगात कोऱ्या कागदापुढं बसलेल्यांना तीच सुटका मिळाली नसावी, असा माझा अंदाज आहे. पुढं कधी वाटलं, तर रेघाही तुमच्या होऊ शकतात. घराच्या खिडकीच्या काचेवर एखादा छापील फोटो लावा, वर पातळ कागद, आणि पाण्यानं न पसरणाऱ्या बारीक पेनानं बाहेरची रेघ काढून घ्या. दरवाज्याची कमान, तुळशीवृंदावन, काहीही. दिवसा काच हाच तुमचा दिवा.

माझ्या मनात पहिलं चित्र कुठलं आहे, ते सांगू? तुम्ही पत्राच्या शेवटी एका ओळीत सांगून टाकलेलं. गेल्या वर्षीच्या चवथीचा फोटो फोनमध्ये असेल. सासूबाई अंथरुणावरून सांगत असतील, हे इकडं बांध, ते तिकडं. त्यातल्या माटोळीचा भाग मोठा करून छापून घ्या आणि काचेवर धरून रेघा उतरवा. सगळी नको, चार-पाच वस्तू पुरेत: नारळ, सुपारीचा घड, आंबाडे, चिबूड, कवंडाळ, शेरवडाची पांढरी पानं. ज्यांची नावं त्यांना येत होती आणि तुम्हांला येत नाहीत, ती आत्याबाईंना किंवा शेजारच्या म्हाताऱ्या कुणाला विचारून खाली पेन्सिलीनं लिहा. शेरवडाचं पान कोरंच ठेवायचं, कागदाचा पांढरा तोच त्याचा पांढरा; भोवती थोडा करडा दिला की पुढं येईल. चिबडाला आधी हळदीचा पिवळा, मग त्यावर हिरव्याचे तुटक पट्टे. कवंडाळाचा लाल हा नारिंगीकडचा लाल. सुपारी हिरवी होती की पिकून नारिंगी झालेली, हे फोटोत नीट कळणार नाही. चवथीच्या दोन दिवस आधी फोंड्याच्या बाजारात माटोळीचं सामान घेऊन बायका बसतील. यंदा घ्यायचं नसलं तरी तिथून चालत जा, एक घड हातात घेऊन पाहा, आणि मग ठरवा.